व्होकोडेक्स, टाल आणि गल्लीतला भोंगा

लातुरात गंजगोलाईपासून थोडं आत, कापडाच्या दुकानावरच्या एका खोलीत माझं रेकॉर्डिंगचं काम चालतं. स्टुडिओ म्हणावं असं त्यात काही नाही. भिंतींना वाकळा टांगल्यात, एक कंडेन्सर माइक आहे, दोन चॅनलचं इंटरफेस, एक जुना लॅपटॉप आणि लाइट गेली तर इन्व्हर्टर. रिक्षावर फिरणाऱ्या जाहिराती, क्लासेसच्या ॲड, हळदीची गाणी, चौदा एप्रिलच्या आधी भीमगीतं, गणपतीत देखाव्यांची निवेदनं असं सगळं करते. निवेदन बहुतेक वेळा माझ्याच आवाजात असतं. त्यामुळं व्होकोडरबद्दल, म्हणजे बोलणं रोबोटसारखं करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, मी जे सांगणार आहे ते दोन्ही बाजूंनी आहे: माइकसमोर बोलणारी मीच आणि मागं बसून तो आवाज कापणारीही मीच.

माझ्याकडं दोन व्होकोडर कायम उघडे असतात. एक एफएल स्टुडिओ या गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरमधला व्होकोडेक्स, बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचा. दुसरा टाल-व्होकोडर, स्वित्झर्लंडच्या टोगू ऑडिओ लाइनचा, पूर्ण फुकट. घाईत असाल तर निकाल आधीच देऊन टाकते: गाण्याला टाल, बोलण्याला व्होकोडेक्स. आता हे असं का, ते सांगते.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "ताई, रोबोटचा आवाज पाहिजे." निम्म्या वेळा त्याला ऑटोट्यून पाहिजे असतं. मोबाईलवर एखादं गाणं ऐकवतो आणि त्यात गायकाचा सूर पायरीवरून पायरीवर उडी मारल्यासारखा जातो, तेवढंच. ऑटोट्यून १९९७ मध्ये आलं. त्यात आवाज तुमचाच राहतो, फक्त सूर ओढून जागेवर बसवला जातो. व्होकोडरमध्ये तुमचा सूर राहतच नाही. गिऱ्हाइकाला हे तोंडी समजावण्यात वेळ घालवू नका, दोन्ही प्रकारे एक-एक ओळ करून ऐकवा. बोट आपोआप योग्य ठिकाणी जातं.

व्होकोडरला दोन आवाज लागतात. एक तुमचा, त्याला मॉड्युलेटर म्हणतात. दुसरा सिंथचा (सिंथेसायझरचा) किंवा एखाद्या वाद्याचा, तो कॅरियर. सॉफ्टवेअर तुमच्या आवाजाचे फिल्टर लावून पट्टे पाडतं. हेच ते बँड. प्रत्येक पट्ट्यात त्या क्षणी किती जोर आहे ते मोजतं आणि तेवढाच जोर कॅरियरच्या त्याच पट्ट्याला देतं. गळ्यातला सूर जातो, ओठ-जिभेची करामत तेवढी उरते आणि ती सिंथच्या तोंडी बसते. म्हणून बेसूर माणसाला व्होकोडर फार मानवतो. तो कसाही बोलला तरी चाल कॅरियर ठरवतो.

अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये होमर डडली यांनी १९२८ पासून यावर काम सुरू केलं, तेव्हा गाण्याचा काही संबंध नव्हता. टेलिफोनच्या तारेवरून कमीत कमी जागेत बोलणं कसं पाठवायचं, हा प्रश्न होता. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांची सिगसॅली नावाची गुप्त टेलिफोन यंत्रणा याच तत्त्वावर चालली, १९४३ पासून. संगीतात तो १९७० च्या सुमारास संगीतकार वेंडी कार्लोस आणि सिंथ बनवणारे रॉबर्ट मूग यांच्या हातून आला, आणि पुढं क्राफ्टवर्क या जर्मन बँडनं जगभर पोचवला. मुद्दा इतकाच की हे यंत्र मुळात बोललेलं पलीकडं कळावं म्हणून जन्मलं. मीही त्याला त्याच कसोटीवर घासते. गंमतीदार वाटतं का, हा प्रश्न नंतर. आधी, पलीकडच्याला कळतं का?

आणि आमच्याकडं पलीकडचा म्हणजे हेडफोन लावलेला माणूस नसतो. तो रस्त्याच्या कडेला उभा असतो आणि आवाज येतो रिक्षावरच्या भोंग्यातून. भोंग्याला खालचा आवाज नसतो, अगदी वरचाही नसतो. मधला तेवढा किंचाळतो. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंमध्ये स्टुडिओ मॉनिटरवर जो खोल, घुमणारा रोबोट ऐकवतात, तो भोंग्यात शिरला की नुसता गुरगुरतो.

व्होकोडेक्सची खरी परीक्षा झाली चांद्रयानाच्या वर्षी. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम चंद्रावर उतरलं आणि १९ सप्टेंबरला गणपती बसले. मधल्या दिवसांत ज्याला त्याला चांद्रयानाचा देखावा करायचा होता, आणि देखाव्यात यान स्वतः बोललं पाहिजे, असा हट्ट. एका मंडळासाठी मी लिहिलेली पहिली ओळ होती: "मी विक्रम, शिवशक्ती पॉइंटवरून बोलतोय." साधी ओळ वाटते. व्होकोडरसाठी ती मोठी वैतागवाडी आहे. श, श, क्त, ट. यातलं एकही अक्षर गळ्यातून येत नाही. सगळी नुसती हवा. श आणि स यांचा जोर वरच्या पट्ट्यांत असतो आणि तो सुराचा नसून फसफशीचा असतो. कॅरियरमध्ये तिथं काही नसेल तर व्होकोडर उघडणार काय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

टालमध्ये ही ओळ टाकली तेव्हा रोबोट झकास आला, गोल, जुन्या सिनेमातल्यासारखा, पण "शिवशक्ती"चं "इव-अक्ती" झालं. त्यात ११ बँड आहेत. १९८० च्या सुरुवातीच्या यंत्रांचा आवाज द्यायचा हाच त्याचा उद्देश आहे, त्यामुळं याला दोष म्हणता येणार नाही. एस्सर नावाचं एक बटण आहे, ते वाढवलं की श-स परत येतात. बऱ्यापैकी येतात. पण ल आणि ळ यांच्यातलं अंतर माझ्या कानाला तरी ११ बँडमध्ये उरत नाही, आणि "मंडळ" हा शब्द ज्या निवेदनात दर मिनिटाला येतो तिथं हे चालत नाही. मंडळातले एक काका ऐकून म्हणाले, "रोबोट झ्याक हाय ताई, पण काय बोलूलालाय ते कळंना." अख्ख्या रिव्ह्यूत याहून नेमकं वाक्य माझ्याकडून होणार नाही.

व्होकोडेक्समध्ये बँड १०० पर्यंत नेता येतात. पहिल्यांदा कोणीही ते टोकाला नेतो. नका नेऊ. शंभरावर शब्द न् शब्द कळतो, पण रोबोट पळून जातो. सर्दी झालेला माणूस सिंथच्या मागं उभा राहून बोलतोय असं काहीतरी होतं. मराठी निवेदनाला मी तिशीच्या आसपास थांबते. तिथं ळ जिवंत असतो, श ऐकू येतो आणि तरीही पोरं "रोबोट, रोबोट" म्हणतात. दुसरी चांगली गोष्ट म्हणजे बँड पडद्यावर हलताना दिसतात. "स" म्हटलं की उजवीकडचे बँड उसळले पाहिजेत. उसळले नाहीत तर घोळ माइकपासूनच आहे. कानांनी शोधत बसायची गरज नाही.

हे असलं तरी एकट्या व्होकोडेक्सवर भिस्त ठेवून भागत नाही. माझी नेहमीची पद्धत अशी. निवेदन जरा ठासून, सावकाश बोलायचं, शब्दाच्या शेवटी आवाज पडू द्यायचा नाही. आपल्याकडं वाक्याचा शेवट गिळायची सवय असते आणि "आहे" मधला "हे" व्होकोडर कधीच परत देत नाही. मग आवाजाला कॉम्प्रेसर, चांगला घट्ट, म्हणजे हळू-मोठं सगळं एका पातळीवर. कॅरियरला सॉ वेव्ह (करवतीच्या दातांसारखी लहर), कारण तिच्यात खालपासून वरपर्यंत सगळे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, असतात. साइन वेव्ह, म्हणजे हार्मोनिक नसलेला साधा सूर, घ्याल तर व्होकोडर उपाशी मरेल. त्यात थोडा व्हाइट नॉइज, म्हणजे नुसती फसफस, मिसळायचा, श-ससाठी. आणि शेवटी मूळ कोरडा आवाज, खालचं सगळं कापून, अगदी हळू आवाजात मागं ठेवायचा. तो वेगळा असा ऐकू येत नाही, पण बंद केला की ओळ लगेच बोबडी होते.

बाईच्या आवाजाचं एक वेगळं आहे. कॅरियर कितीही खाली नेला तरी माझा रोबोट लहान, खेळण्यातला वाटायचा. सूर कॅरियरचा असला तरी तोंडाची घडण माझीच ना, आणि बायकांच्या आवाजातले फॉर्मंट, म्हणजे तोंडा-घशाच्या पोकळीत घुमून जोर मिळणारे पट्टे, पुरुषांपेक्षा वर असतात. उपाय म्हणजे बँड थोडे खाली सरकवायचे. एबलटन या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या व्होकोडरमध्ये तर त्याला फॉर्मंट नावाचं सरळ बटणच आहे. थोडे म्हणजे थोडेच. जास्त सरकवले तर "विक्रम" ऐवजी कुठला तरी राक्षस बोलायला लागतो, आणि तो पुढच्या गल्लीतल्या नरसिंहाच्या देखाव्याला द्यावा लागेल.

जोडणीबद्दल. एफएलमध्ये व्होकोडेक्स लावताना नवी पोरं हमखास अडकतात, म्हणून सांगते. मिक्सरमध्ये तीन ट्रॅक घ्या: एकात आवाज, दुसऱ्यात सिंथ, तिसऱ्यात व्होकोडेक्स. आवाजाचा ट्रॅक निवडून व्होकोडेक्सच्या ट्रॅकखालच्या बाणावर राइट क्लिक करा आणि "साइडचेन टू धिस ट्रॅक" घ्या, म्हणजे तो आवाज व्होकोडेक्सला पोचतो. सिंथचंही तसंच. मग व्होकोडेक्समध्ये मॉड आणि कार अशा दोन खान्यांत कुठला इनपुट कशासाठी ते ठरवायचं. शेवटी दोन्ही मूळ ट्रॅकची मास्टरकडं जाणारी वाट बंद करा, नाहीतर रोबोटच्या मागं तुम्हीही बोलताना ऐकू येता. मॉड-कार उलटे झाले तर सिंथच्या तालावर तुमचा आवाज नुसता हुंकारत राहतो. तोही प्रकार मजेशीर असतो, एका भुताच्या देखाव्यात चालून गेला असता.

टाल एफएलमध्ये लावायचं तर वेगळंच प्रकरण. ते इफेक्ट म्हणून आवाजाच्या ट्रॅकवर बसतं, पण सिंथ त्याच्या पोटातच आहे, त्यामुळं त्याला नोट्स पोचवाव्या लागतात. प्लगिनच्या खिडकीत गिअरच्या खुणेवर जाऊन मिडी (नोट्स पाठवायची भाषा) इनपुटला एक पोर्ट नंबर द्यायचा आणि चॅनल रॅकमध्ये "मिडी आउट" घेऊन त्याला तोच नंबर द्यायचा. एकदा जमलं की टेम्प्लेट म्हणून सेव्ह करून टाका.

आता टालची बाजू, कारण वरचं वाचून ते कमी दर्जाचं वाटेल. हळदीच्या गाण्यात "हळद लागली" एवढे दोन शब्द परत परत येणार असतील तर ते कळण्याचा प्रश्नच नसतो, सगळ्यांना पाठ असतात. तिथं पाहिजे असतो भरलेला, गुळगुळीत सूर. टालच्या सिंथमध्ये सॉ, पल्स, सब ऑसिलेटर आणि नॉइज एकाच खिडकीत आहेत, कोरसचं बटण आहे, पॉलीवर ठेवून तीन-चार नोट्स एकदम दाबल्या की एका मुलीच्या आवाजाचा अख्खा कोरस उभा राहतो. हेच व्होकोडेक्समध्ये करायला सिंथ वेगळा निवडा, त्याचा आवाज घडवा, युनिसन (एकाच सुराचे थरावर थर) लावा, आणि मग हार्मोनिक इतके जास्त येतात की परत कापत बसा. डीजेच्या टॉपवर, म्हणजे वरच्या स्पीकरांवर, टालचा कोरस नेहमी जास्त गोड वाजलाय. त्यात फुकट. चोरीचं सॉफ्टवेअर (क्रॅक) पेन ड्राइव्हवर फिरवणाऱ्यांनी निदान एवढं तरी सरळ मार्गानं उतरवून घ्यावं, म्हणजे लॅपटॉपबरोबर व्हायरस फुकट मिळणार नाही.

व्होकोडेक्सची मात्र एक बाजू माझ्यासाठी सगळ्यात मोठी. कॅरियर म्हणून त्याला काहीही देता येतं. सासऱ्यांच्या भजनी मंडळाची जुनी पेटी माझ्याकडं आहे. तिचा एक सूर भाता सांभाळून लांबवर रेकॉर्ड केला आणि कॅरियरच्या जागी टाकला. धातूच्या जिभांचा आवाज हार्मोनिकनं खच्चून भरलेला असतो, त्यामुळं शब्द छान उघडतात. भात्याचा जोर कमी-जास्त होतो म्हणून पेटीलाही कॉम्प्रेसर लावावा लागतो, आणि श-ससाठी नॉइज इथंही लागतोच. पण जे निघतं त्याला रोबोट म्हणवत नाही. पेटीच बोलते. एका खंडोबाच्या गाण्याच्या सुरुवातीला "येळकोट येळकोट" असं पेटीकडून वदवलं, तर गायकानं ते तिथंच ठेवायला लावलं आणि पुढचा अर्धा अंतराही तसाच करा म्हणाला. अर्धा अंतरा मी करू दिला नाही. गंमत चार शब्दांपुरतीच बरी.

तानपुऱ्याचा आवाज पेटीपेक्षाही सरस निघाला. जवारीमुळं त्यात जी झणझण असते ती व्होकोडरला भरपूर माल पुरवते, शिवाय तो सतत चालू. मोबाईलच्या तानपुरा ॲपमधून सरळ तार जोडून घेतला तरी चालतो. तुणतुणं मात्र जमलं नाही, जमणारही नाही. तार छेडली की आवाज लगेच विझतो आणि शब्द मध्येच बुडतो. कॅरियरला दम पाहिजे.

व्होकोडेक्सच्या तक्रारीही सांगायला पाहिजेत. पहिल्या नजरेला बटणांचा बाजार भरलाय असं वाटतं, आणि अर्धी बटणं निवेदनाच्या कामाला हातही लावावी लागत नाहीत. अटॅक (आवाज किती पटकन चढतो), रिलीज (किती वेळानं विझतो), बँडची संख्या आणि मिक्स, एवढ्यावर माझं भागतं. बोलण्याला रिलीज कमी ठेवा, नाहीतर एका शब्दाचं शेपूट दुसऱ्यावर चढतं. गाण्यात वाढवलं तरी गोडच. बँड जास्त आणि युनिसन चढवलेलं असलं की जुना लॅपटॉप धापा टाकतो, म्हणून काम झालं की तो ट्रॅक वेव्ह फाइल करून काढून घ्यायचा आणि प्लगिन बंद. एफएलच्या वेगवेगळ्या एडिशनमध्ये वेगवेगळे प्लगिन येतात, तेव्हा विकत घ्यायच्या आधी आपल्या एडिशनमध्ये हा आहे का ते कंपनीच्या तक्त्यात बघून घ्या. एकदा घेतलं की पुढचे अपडेट आयुष्यभर फुकट, ही इमेज-लाइनची पद्धत मला आवडते. धंद्यात दरवर्षी पैसे भरायची सवय आमच्याकडं फक्त दुकानाच्या भाड्याला आहे.

बाकीच्यांचं थोडक्यात. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर रीव्होकोड हा व्होकोडर त्यात आधीपासूनच आहे, दिसायला रुक्ष पण कामाला चोख. साइडचेन तिसऱ्या-चौथ्या चॅनलवर पाठवायचं गणित एकदा शिकावं लागतं. एबलटनच्या व्होकोडरमध्ये ४ ते ४० बँड आहेत आणि श-ससाठी अनव्हॉइस्ड असं वेगळं बटण, जे खरंतर सगळ्यांनी द्यायला पाहिजे. मॅकवर लॉजिक हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर असेल त्याला ईव्होक २० हा व्होकोडर मिळतो. आयझोटोपचं व्होकलसिंथ २ एका मित्राकडं ऐकलं. त्यात व्होकोडरसोबत टॉकबॉक्स वगैरे मिळून पाच प्रकार आहेत. फार देखणं काम आहे, पण गल्लीतल्या मंडळाच्या बजेटमधून त्याचे पैसे कसे काढायचे ते मला सुचलेलं नाही.

कुठलाही घ्या, भोंग्याची चाचणी चुकवू नका. मास्टरवर एक इक्यू (आवाजाचे वर-खालचे भाग कापणारा फिल्टर) लावायचा, चारशे हर्ट्झच्या खालचं आणि पाच हजारांच्या वरचं कापायचं, मोनो करायचं आणि लॅपटॉपच्या साध्या स्पीकरवर ऐकायचं. त्यात कळलं तर रिक्षावर कळेल. मी तर खाली दुकानात बसणाऱ्या मुलाला ऐकवते आणि काय ऐकलं ते लिहून दे म्हणते. तो स्क्रिप्ट वाचलेला नसतो, म्हणून त्याच्या कानावर माझ्यापेक्षा जास्त भरवसा. मी ऐकते तेव्हा मला वाक्य पाठ असतं आणि पाठ असलेलं सगळ्यांनाच कळतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच व्होकोडरमधून घालू नका: वर्गणीदारांची आणि मंडळाच्या अध्यक्षांची नावं. ती कोरड्या आवाजात, स्वच्छ, वेगळ्या ट्रॅकवर ठेवा. यान कितीही छान बोलो, अध्यक्षांना स्वतःचं नाव नीट ऐकू आलं नाही तर बिलाचे उरलेले पैसे विसर्जनानंतरही निघत नाहीत. आणि वेगळा ट्रॅक अशासाठी की गणपती बसायच्या आदल्या रात्री कुणीतरी येऊन म्हणतंच, "ताई, उपाध्यक्ष बदललाय."